पडदा, चौक आणि तारपा

डहाणू म्हटले की मुंबईकराच्या जिभेवर आधी चिकू येतो आणि मग महालक्ष्मी. चिकूवाला घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत शिरतो, सुरूच्या बनातून समुद्रावर जाऊन पाय भिजवतो आणि करंडी बांधून संध्याकाळच्या गाडीने परततो. महालक्ष्मीवाला चैत्री पौर्णिमेला सुरू होणाऱ्या यात्रेत विवळवेढ्याला नारळ वाढवतो, डोंगराच्या सुळक्यावरची ध्वजा खालूनच पाहून हात जोडतो आणि तोही परततो. नाटकाला पडदे किती असावेत, या प्रश्नाचे उत्तर शोधायला डहाणू-तलासरीस गेलेला मनुष्य निदान माझ्या ऐकिवात नाही. तो मान मला मिळाला आणि त्याचे सारे श्रेय आमच्या नाट्यमंडळातील भांडणाला आहे.

आमचे मंडळ हौशी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, दोघेतिघे पेन्शनीत निघालेले. यंदा अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ करायचे, हे एकमताने ठरले. १८८२ साली या नाटकाचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी ते संपूर्ण झाले. म्हणजे नाटकाचे वय एकशेचाळीसच्या पुढे. पण आमच्याकडे नारद तयार होता, गाता अर्जुन मिळाला होता, ऑर्गनचा फाटलेला भाता शिवून झाला होता. तेवढ्यात कोणीतरी विचारले, “पडदे कोणते?” आणि त्या दिवसापासून तालमीत गाण्यापेक्षा भांडणच अधिक रंगू लागले.

एका पक्षाचे म्हणणे, सौभद्र म्हणजे द्वारका आणि द्वारका दिसलीच पाहिजे. महाल, बाग, अरण्य, रस्ता असे निदान चार रंगवलेले पडदे हवेत. लोक घरचा कंटाळा विसरायला येतात, त्यांना काळे कापड काय दाखवता? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, हे सारे संग्रहालयात ठेवण्याजोगे. १९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांचीच रांग भिंत झाली, पडदा झाली; मग आपल्याला चिंध्यांची द्वारका कशाला? एक काळा पडदा, दोन चौथरे, उत्तम प्रकाश. बाकी सारे गळ्यावर. आमच्या खजिनदारांनी दोन्ही पक्षांना एकच प्रश्न केला, “टेंपोचे भाडे कोण देणार?” कारण दुसरा प्रयोग तलासरीस व्हायचा होता. बोर्डीला राहणाऱ्या माझ्या जुन्या स्नेह्याने, तिकडच्या शाळांत हयात घालवलेल्या मास्तरांनी, तसे आग्रहाचे आमंत्रण दिले होते. तेव्हा ‘जागा पाहून या आणि काय ते सांगा’ असे म्हणून मंडळाने मला गाडीत बसवले.

पूर्वी डहाणू हे गावाला जाण्याचे ठिकाण होते. २०१३ साली लोकल तिथवर पोचल्यापासून कामावरून घरी येण्याचेही झाले आहे. तरी वैतरणेचा पूल ओलांडला की डब्यातल्या बोलण्याचा सूर बदलतो. भात कापून झाले होते, खाचरांत पिवळे बुडखे उभे होते आणि मधूनच एखादे ताडाचे झाड छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखे दिसत होते. पालघर, बोईसर, वाणगाव अशी स्टेशने सरत गेली. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून या पट्ट्याला स्वतःचे नाव मिळाले. आता वाढवणच्या किनाऱ्यावर मोठे बंदर होणार. २०२४च्या ऑगस्टात त्याची पायाभरणी झाली. डब्यातल्या मासळीवाल्या बाया त्याबद्दल जे बोलत होत्या ते छापण्याजोगे नव्हते, पण समजण्याजोगे होते.

स्टेशनवर मास्तर उभेच होते. “पडद्याचा प्रश्न घेऊन आलात ना? मग आधी बाहरोटला चला,” ते म्हणाले. मला वाटले, चिकू आधी येतील. पण मास्तरांचा स्वभाव अभ्यासक्रम पुरा करण्याचा.

बाहरोटची लेणी बोर्डीच्या पूर्वेला बारडाच्या डोंगरावर आहेत. चढ दमवणारा, वरची दगडी दालने अगदी साधी. एखादा हौशी पर्यटक पाच मिनिटांत परत फिरेल. पण पारशी मंडळींना ही जागा पवित्र. इराणातून आलेले पारशी इथून जवळच्या संजाण बंदरी उतरले, तिथे त्यांनी अग्नीची स्थापना केली. पुढे संजाणवर स्वारी झाली तेव्हा तो अग्नी घेऊन ते या डोंगरात आले आणि त्यांच्या कथेप्रमाणे बारा वर्षे त्यांनी तो इथे जपला. आज तोच अग्नी उदवाड्याला सुंदर मंदिरात तेवतो. मास्तर धापा टाकत म्हणाले, “पाहा, बारा वर्षे नेपथ्य नव्हते. अग्नी विझला का?”

काळ्या पडद्याच्या पक्षाला हे उदाहरण फार आवडले असते. पण मास्तर पुरते शिक्षक. एका बाजूचे उदाहरण दिले की दुसऱ्या बाजूचे दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. खाली उतरून आम्ही एका इराणी शेटच्या वाडीत चिकूच्या सावलीला बसलो. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे शेटनी पहिल्याच वाक्यात सांगितले, आणि दुसऱ्या वाक्यात, “नाटक? अरे, पडदा तर आमच्या पारशी लोकांनी दाखवला तुम्हाला!”

त्यात खोटे काही नव्हते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा मागे एक पडदा, पुढे सगळी पदे स्वतः म्हणणारा सूत्रधार आणि त्याच्या गाण्यावर नाचणारी, झगडणारी पात्रे, एवढाच संसार होता. १८५३ साली भावे मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ करून गेले आणि त्याच वर्षी पारशी तरुणांनीही आपली नाटक मंडळी उभी केली. पुढे पारशी मंडळ्यांनी पैसा ओतला. रंगवलेले गुंडाळी पडदे, आकाशातून उतरणाऱ्या पऱ्या, दुभंगणारे डोंगर. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचा असा संगीत खेळ पाहिला आणि हे आपल्या भाषेत का नसावे, या विचाराने ते पेटले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. कालिदासाच्या मूळ नाटकात राजाचा रथ कोणी दिसत नाही. तो वेगाने धावतो आहे हे राजा बोलून सांगतो आणि प्रेक्षक मानतो. किर्लोस्करांनी गाणे घेतले आणि पडदाही घेतला. गाण्याने नाव झाले. पडद्याने डोळ्यांना सवय लावली.

आता पडदा म्हणजे केवळ नटवेपणा, असे मानणे अन्यायाचे होईल. जुन्या कंपन्यांत त्याला काम होते. मागे दरबार मांडायचा असला की पुढे रस्त्याचा पडदा पडे. त्या चार हात जागेत विनोदी पात्रांचा प्रवेश रंगे आणि तोवर मागे खुर्च्या, सिंहासने, खांब लागत. म्हणजे नाटककारालाही प्रवेश लिहिताना पडद्याचा हिशेब ठेवावा लागे. दरबार, महाल, बाग, अरण्य आणि रस्ता एवढ्या सामानावर एखादी कंपनी दहा नाटके करी. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे पुढे चित्रपटाकडे वळले. पण त्याआधी नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. ललितकलादर्शचे पु. श्री. काळे यांनी तर आयुष्यच त्या रंगांना वाहिले.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या पडदेवाल्यांच्या ध्यानात आली नव्हती. हे पडदे ज्या उजेडासाठी रंगवले होते तो उजेड आता नाही. गॅसच्या किंवा पायदिव्यांच्या मंद पिवळ्या प्रकाशात उठून दिसावेत म्हणून त्यांतले रंग भडक असत. आजच्या प्रखर झोतात तोच महाल धरला तर तो साबणाच्या वेष्टनासारखा दिसतो. तेव्हा ‘जसेच्या तसे पुनरुज्जीवन’ करतो असे म्हणणारा मनुष्य पडदा तेवढा जुना आणतो आणि दिवा नवा लावतो. निम्मीच वस्तू जिवंत होते.

आणि खर्च! बालगंधर्वांनी १९२० साली खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ रंगभूमीवर आणले तेव्हा मयसभेचा थाट असा केला की कंपनीच्या कर्जाच्या गोष्टीत त्या मयसभेचे नाव आजही निघते. उलट पुढच्याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केले. त्या संयुक्त प्रयोगाबद्दल शंभर वर्षांनीही मराठी घरांत बोलतात ते दोन गळ्यांबद्दल. त्या रात्री मागे कुठला पडदा होता, हे विचारणारा मला तरी भेटलेला नाही.

“मग काळा पडदाच लावा की,” शेट म्हणाले आणि त्यांनी चिकूचे ताट पुढे सरकवले. मास्तर गप्प होते. मग हळूच म्हणाले, “तोही इथे येऊन गेला आहे.”

आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझा चिकू हातातच राहिला. गेल्या काही वर्षांत शहरातून गाणारी मंडळी या बाजूला पुष्कळदा आली. प्रत्येक वेळी नाटकाचे बोलणे झाले आणि प्रत्येक वेळी आली ती ‘नाट्यपदांची मैफल’. नेपथ्य मोठे, म्हणून ते इकडे येत नाही. म्हणून मग नेपथ्यच नको. मागे काळे कापड लावा. नेपथ्य गेले म्हणून वेषही नको, वेष गेला म्हणून संवादही नकोत. शेवटी उरले चार माइक आणि वीस पदे. “माझ्या शाळेतल्या मुलांना सुभद्रेची पदे पाठ आहेत,” मास्तर म्हणाले, “पण सुभद्रा कोण, ती का रडते, तिचे लग्न कोणी कोणाशी ठरवले, हे त्यांनी कधी पाहिले नाही. पडद्याने नाटक महाग केले म्हणता. काळ्या कापडाने ते संपवलेच.”

भांडणाचे खरे मोल मला इथे कळले. रसिकांच्या आवडीनिवडीपुरताच हा वाद असता तर तो खुशाल चालू द्यावा. पण थाटाच्या टोकाला गेले तर संगीत नाटक चार मोठ्या शहरांबाहेर पडत नाही, आणि साधेपणाच्या टोकाला गेले तर ते नाटक राहत नाही. दोन्हीकडून तलासरीच्या मुलांच्या वाट्याला काही येत नाही.

परदेशात हा पेच पडलेला आहे. जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या नाटकांसाठी बांधलेले खास नाटकगृह आहे. युद्धानंतर १९५१ साली ते पुन्हा उघडले तेव्हा वाग्नरच्या नातवाने, व्हीलांडने, आजोबांच्या काळचे डोंगर-किल्ले सारे काढून टाकले आणि जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर नुसत्या प्रकाशाने काम भागवले. पैशाची चणचण होती, आणि नाझी राजवटीत त्या जुन्या थाटाला लागलेला डाग धुऊन काढायचा होता. पुष्कळ जुन्या रसिकांना ते खपले नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: त्याने सामान काढले, नाटक काढले नाही. त्या रिकाम्या मंचावर प्रकाशाची एकेक रेघ विचाराने ओढलेली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला कोसबाडच्या टेकडीवर नेले. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडला आले. माँटेसोरीबाईंची पद्धत ताराबाईंना मनापासून पटलेली, पण तिची लाकडी साधने विलायती आणि महाग. ती वारली पाड्यावर कोण आणणार? ताराबाईंनी शंख-शिंपले घेतले, बिया घेतल्या, पाने, काड्या, खडे घेतले आणि मोजणे, जुळवणे, लहान-मोठे ओळखणे सारे त्यांवर बसवले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली, ती कुरणशाळा.

मी वहीत लिहिले: ताराबाईंनी साधन वगळले नाही, बदलले. शिंपला फुकट मिळतो खरा, पण कोणता शिंपला कशासाठी, हे ठरवायला हयात लागते. आमच्या काळ्या पडद्यावाल्यांनी हे पाठ करावे असे मला वाटले. स्वस्त असणे आणि साधे असणे यांत एवढा फरक आहे.

कोसबाडहून आम्ही गंजाडकडे निघालो. याच बाजूच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे राहत. जन्म तलासरी तालुक्यातला, आयुष्य डहाणू तालुक्यात. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी त्यांची चित्रे बाहेरच्या जगाला दाखवली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आज वारली चित्र चहाच्या कपावर आणि विमानतळाच्या भिंतीवर दिसते. पण मशे यांच्या आधी हे चित्र बाजाराचे नव्हते आणि पुरुषांचेही नव्हते. ते लग्नाचे होते आणि सवाशिणींचे होते.

पाड्यावरच्या एका मावशींनी आम्हाला घरात घेतले. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणमातीने सारवलेल्या, वर गेरू. खिडकी नाहीच म्हणायची. डोळे अंधाराला सरावल्यावर आतल्या भिंतीवरचा चौक दिसू लागला आणि मी उभाच राहिलो. घरातल्या एका लग्नासाठी काढलेला. रंग किंचित उडाला होता. मधोमध पालघट देवी, भोवती चौकट, चौकटीत आणखी चौकट, साखळ्या, झाडे, घोड्यावरची नवरानवरी, पक्षी. बोटभर जागा मोकळी नव्हती. आणि साहित्य काय? तांदळाचे पीठ, पाणी, आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. एक रंग. कुडाच्या त्या अंधारात, दिव्याच्या उजेडात दिसेल असा एकच रंग आहे, पांढरा. आणि तोच त्यांनी घेतला आहे. कालच्या पडद्याच्या रंगांची गोष्ट मला आठवली. ज्या उजेडात पाहायचे त्या उजेडासाठी रंगवावे, हा धडा या मावशींच्या आज्यापणज्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

“मावशी, लग्नात हे काढताना गाणी म्हणता?” मी विचारले.

त्या हसल्या. चौक काढताना गाणी असतात, आणि मग धवलेरी चौकापुढे बसून गाते, देवाला बोलावते, तेव्हा लग्न लागते. मी शहाणपणाने विचारले, “आणि चौक नसला, नुसते गाणे म्हटले तर?”

“मग देव येऊन बसेल कुठे?” मावशी म्हणाल्या.

या एका प्रश्नाने काळ्या पडद्याचा पक्ष तिथल्या तिथे हरला, असे मला वाटले. पडदेवाल्यांना तार करावी अशी ऊर्मी आली, पण तारेची सोय २०१३ सालीच बंद झाली आहे, आणि मास्तर म्हणाले, “घाई करू नका. अजून तलासरी व्हायची आहे.”

तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या उंबरठ्यावर वसलेली. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा बहुतेक भाग गुजरातेत गेला, तलासरीकडची गावे महाराष्ट्रात राहिली. उंबरगाव इथून हाकेच्या अंतरावर. १९८७ साली दूरदर्शनवर जे ‘रामायण’ लागले की रस्ते ओस पडत, त्याची अयोध्या आणि लंका उंबरगावच्या स्टुडिओत उभी राहिली होती. आणि या बाजूला झरी हे गाव. २३ मे १९४५ रोजी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वेठबिगारीविरुद्ध हजारो वारली इथे जमले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड पडला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा काळ आहे. त्या सभेला मंडप नव्हता की व्यासपीठ नव्हते. तरी या तालुक्यात त्या दिवसाइतके मोठे दुसरे काही घडले नसेल. एका गावात पुठ्ठ्याची लंका आणि शेजारच्या गावात उघडे माळरान. आमच्या भांडणाची दोन टोके नकाशावरच मांडून ठेवलेली!

संध्याकाळी मास्तर मला एका पाड्यावर घेऊन गेले. नवा भात घरात आला होता, वाघबारस होऊन गेली होती, दिवाळीचे दिवस. पाड्याच्या मध्ये सारवलेले खळे आणि त्यात एकटा तारपकरी. तारपा हे वाद्य दुधी भोपळ्याचे, बांबूच्या नळ्यांचे आणि मेणाने जोडलेल्या ताडाच्या पानांच्या कर्ण्याचे. माणसाच्या कमरेपर्यंत येणारे. तारपकरी श्वास न तोडता वाजवतो. सूर एकदा सुरू झाला की नदीसारखा चालूच. हळूहळू बायका आणि पुरुष कमरेला हात घालून जोडले गेले, पुढच्याच्या हातात घुंगुरकाठी. काठी जमिनीवर आपटली आणि रांग फिरू लागली. तिचे वर्तुळ होता होता एक टोक आत वळते, गोगलगाईच्या शंखासारखा वेढा पडतो आणि पुन्हा उलगडतो. तारपकऱ्याने चाल बदलली की सगळ्यांचे पाय एकदम बदलतात. दिवा एकच, खांबाला टांगलेला. मागे अंधार, वर चांदणे. ना चौक, ना चित्र, ना तोरण.

मध्यंतरात मी तारपकरी बाबांजवळ गेलो. वय सत्तरीचे असावे. “बाबा, लग्नात भिंत भरून चौक काढता. इथे काहीच कसे नाही?”

बाबांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले. “इथे काही उभे केले तर पाय कुठे टाकायचे?” ते म्हणाले आणि तारप्याचे मेण अंगठ्याने दाबून बसवू लागले.

मावशींचा प्रश्न आणि बाबांचा प्रश्न हे दोन्ही एकाच लोकांचे, एकाच समजुतीचे. साधेपणा चांगला की सजावट चांगली, असा वाद त्यांच्यात नाही. जिथे गाणे बसलेले आहे, जिथे ते कोणाला तरी बोलावते आहे, वाट पाहते आहे, तिथे त्याला बसायला जागा लागते आणि ती जागा ते जीव ओतून भरतात. जिथे गाणे चालते आहे, माणसांना घेऊन फिरते आहे, तिथे जमीन मोकळी ठेवतात. पलीकडे जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो. त्यात देवांचे मुखवटे चढवून मशालीच्या उजेडात रात्रभर सोंगे नाचतात. तिथे तर सारा थाट माणसाच्या तोंडावरच चढतो, म्हणजे नेपथ्यही नाचते! आम्ही शहरातले लोक मात्र सगळ्या नाटकाला मिळून एकच औषध द्यायला निघालो होतो: एकाला सगळीकडे महाल हवा, दुसऱ्याला सगळीकडे काळोख.

रात्री मास्तरांच्या ओटीवर बसून मी ‘सौभद्र’चे पुस्तक या दृष्टीने पुन्हा उघडले. पेन्सिल घेऊन प्रत्येक पदासमोर ‘बसलेले’ किंवा ‘चालते’ असे लिहीत गेलो. गंमत अशी की अडचण फार थोड्या ठिकाणी आली. तीर्थयात्रेला निघालेला अर्जुन, त्याला गाठणारा नारद, घटोत्कचाचा धुमाकूळ, अरण्य, वाट, शोध. हे सारे चालते. इथे पडदा म्हणजे पायांत धोंड. पण रुक्मिणीच्या महालात श्रीकृष्ण रुक्मिणीची समजूत काढतो, सुभद्रा आपले दुःख आळवते, ते बसलेले. त्या गाण्याला मागे काळे कापड दिले तर गाणारी बाई दिसेल, सुभद्रा दिसणार नाही. तिथे एक पडदा हवा. एकच; पण त्या चौकासारखा, बोटभर जागा न सोडता रंगवलेला, आजच्या दिव्यांचा विचार करून, थोड्या रंगांत. बाकी सगळीकडे मोकळी जमीन, आणि तिच्यावर कोण कुठून येतो, किती वळसे घालतो, कुठे थांबतो याचा तारप्याच्या रांगेइतका काटेकोर हिशेब. मोकळ्या जागेत पाऊल चुकले की लगेच दिसते. पडद्यापुढे ते झाकून जाते. म्हणून रिकामा रंगमंच हा आळशी दिग्दर्शकाच्या उपयोगाचा नाही, हे आमच्या काळ्या पक्षाला नीट समजावून सांगावे लागणार.

आणि संवाद? ते एकही वाक्य गाळता कामा नये असे मी म्हणत नाही. जुना प्रयोग रात्रभर चाले, वन्स मोअरनी उजाडे. आजच्या प्रेक्षकाला घरी जायचे असते. पण पडदे बदलण्यात जाणारा वेळ वाचला तर तो संवादांना मिळतो, हा हिशेब तरी आमच्या खजिनदारांना पटावा. एक पडदा गुंडाळला की तो टेंपोत मावतो आणि वर ऑर्गनलाही जागा राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगाची जागा पाहिली. शाळेचे पटांगण, एका अंगाला दगडी ओटा, त्याच्या डाव्या हाताला एक जुना वड आणि मागे आंब्याची दाट रांग. शाळेतल्या चार मुली फीत धरायला आल्या. ओट्याची लांबी-रुंदी मी वहीत लिहून घेतली. त्यांतल्या एकीने विचारले, “काका, राजवाडा कुठे असणार?” मी ओट्याच्या मध्यावर खडूने रेघ मारून दाखवली. तिने मान हलवली, मग वडाकडे बोट केले. “आणि अर्जुन इकडून येणार ना? जंगल तर इकडेच आहे.”

वहीत अरण्यापुढे जी जागा मी रिकामी ठेवली होती, तिथे लिहिले: अरण्य तलासरीचेच. आपण फक्त महाल घेऊन जायचा.